शस्त्रक्रियेंतील हयगय आणि भरपाईचा मार्ग

मनुष्य नीट चालता असेपर्यंत त्याला आपल्या गुडघ्यांची आठवणही होत नाहीं. उतारवयांत सांध्यांतील कूर्चा झिजते, हाडावर हाड घासूं लागतें, आणि मग घराचा उंबरठा ओलांडणें हेंही एक संकट होऊन बसतें. पूर्वीं अशा मनुष्यानें हातांत काठी घ्यावी व ओट्यावर बसून दिवस काढावे, याखेरीज दुसरा उपाय नव्हता. आज तशी स्थिति राहिलेली नाहीं. झिजलेले पृष्ठभाग काढून त्यांच्या जागीं धातूचा व प्लास्टिकचा कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आतां खेड्यापाड्यांतील लोकांनाही ऐकून ठाऊक झाली आहे. परभणी जिल्ह्यांतील जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा येथील कुटुंबें त्यासाठीं कधीं परभणीस, कधीं नांदेडास, कधीं छत्रपति संभाजीनगरास, तर कधीं पुण्यामुंबईपर्यंतही जातात. बहुतेक रुग्ण आपल्या पायांनीं चालत घरीं परततात. परंतु ज्या थोड्यांच्या वांट्याला उलट अनुभव येतो, ज्यांचा पाय सुधारण्याऐवजीं कायमचा अधू होतो, त्यांनीं काय करावें?

अशा वेळीं घरांत दोन प्रकारची भाषा ऐकूं येते. वडील माणसें म्हणतात, "नशिबाचा भोग! शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये." तरुण मंडळी म्हणतात, "डॉक्टरनेंच पाय घालविला, त्याला सोडावयाचें नाहीं." या दोन्ही बोलण्यांत रागलोभाचा भाग अधिक व विचाराचा भाग कमी असतो. कायदा यांपैकीं कोणाचेंच ऐकत नाहीं. तो एक साधा प्रश्न विचारतो: त्या व्यवसायांतील एखाद्या सामान्य कुशल मनुष्यानें जी काळजी घेतली असती, ती येथें घेतली गेली होती काय?

या प्रश्नाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. शस्त्रक्रियेचें फळ वाईट आलें म्हणजे डॉक्टरनें हयगय केली, असें ठरत नाहीं. गुडघ्याचा सांधा बदलल्यावर उत्तम इस्पितळांतही शंभरांत एकदोघांना जखमेंत जंतुसंसर्ग होतो. कोणाच्या पायाच्या शिरेंत रक्ताची गुठळी होते, कोणाचा सांधा ताठर राहतो. पांचांपैकीं सुमारें एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण समाधानी नसतो, असें अनेक देशांतील पाहणींत दिसून आलें आहे. हे धोके शस्त्रक्रियेच्या पोटींच असतात. परंतु दुखऱ्या गुडघ्याऐवजीं चांगला गुडघा उघडणें, जखमेंत कापसाचा बोळा विसरणें, ताप चढत असतां व जखम वाहत असतां दिवसेंदिवस रुग्णाकडे न फिरकणें, हे शस्त्रक्रियेचे अंगभूत धोके नव्हेत. ती हयगय होय. एकच जंतुसंसर्ग एका प्रकरणांत दैवाची गोष्ट असूं शकतो आणि दुसऱ्या प्रकरणांत हयगयीचें फळ असूं शकतो. फरक पडतो तो संसर्ग ओळखण्यास व त्यावर उपाय करण्यास डॉक्टर किती तत्पर होता यावरून.

या विषयावरील आपल्या देशाच्या कायद्याचा पाया ज्या खटल्यांत घातला गेला, तो खटला महाराष्ट्रांतीलच आहे, आणि तो पायाच्याच दुखापतीचा आहे. १९५३ सालच्या मे महिन्याच्या ६ तारखेस रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेत येथें समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाला अपघात झाला व त्याच्या डाव्या मांडीचें हाड मोडलें. गांवच्या डॉक्टरांनीं पायाला लाकडी फळ्या बांधल्या व मुलाला पुण्यास नेण्याचा सल्ला दिला. सुमारें दोनशें मैलांचा प्रवास करून ९ मे रोजीं सकाळीं साडेअकराच्या सुमारास त्याला मोटारींतून पुण्यास आणण्यांत आलें. मुलाचे वडील स्वतः दौंड येथें वैद्यकी करीत. दुपारीं मुलाला एका खासगी इस्पितळांत दाखल केलें. तेथें त्याला मॉर्फियाचें एकच इंजेक्शन देण्यांत आलें. नंतर शस्त्रक्रियेच्या खोलींत नेऊन, भूल न देतांच तीन नोकरांकरवीं पाय ओढून हाड जुळविण्याचा प्रयत्न झाला व पाय प्लास्टरमध्यें घालण्यांत आला. सायंकाळीं साडेसहाच्या सुमारास आईच्या लक्षांत आलें कीं, मुलाला श्वास घेतां येत नाहीं. रात्रीं नऊ वाजतां तो मरण पावला.

इस्पितळाच्या डॉक्टरांनीं दिलेल्या दाखल्यांत मृत्यूचें कारण चरबीच्या कणांनीं रक्तवाहिनी बंद होणें हें लिहिलें होतें. तें न्यायालयांत टिकलें नाहीं. भूल न देतां प्रमाणाबाहेर जोर लावल्यामुळें बसलेल्या धक्क्यानें मृत्यु आला, असा निर्णय झाला. आईबापांना ३,००० रुपये भरपाई मिळाली. हायकोर्टानें ती कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयानें २ मे १९६८ रोजीं डॉक्टरांचें अपील फेटाळलें. "लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले" या नांवानें हा निकाल आजही वकील मंडळींच्या तोंडीं आहे. डॉक्टरवर तीन कर्तव्यें येतात, असें त्या निकालानें सांगितलें: रुग्ण हातीं घ्यावा किंवा नाहीं हें ठरवितांना काळजी घेणें, कोणता उपचार करावा हें ठरवितांना काळजी घेणें, आणि तो उपचार प्रत्यक्ष करतांना काळजी घेणें. डॉक्टरनें सर्वांत श्रेष्ठ कौशल्य दाखविलेंच पाहिजे, असें कायदा म्हणत नाहीं. परंतु अगदीं हलक्या दर्जाची काळजीही तो चालवून घेत नाहीं. मधला, वाजवी असा दर्जा त्याला पुरे होतो.

तीन हजार रुपयांनीं मुलगा परत येत नाहीं, हें त्या आईबापांना कळत नव्हतें असें नाहीं. वर्षानुवर्षें तो दावा चालला, तो आपल्या मुलाच्या मृत्यूचें खरें कारण कोठें तरी लिहिलें जावें म्हणून, असेंच कोणीही समजेल. भरपाईच्या दाव्यांत पैशाइतकीच ही दुसरी गोष्टही असते.

मराठवाड्यांतील लोकांना अधिक जवळचा असा दुसरा खटला औरंगाबादचा. १९६३ सालीं जुलै महिन्यांत तेथील सरकारी इस्पितळांत एका स्त्रीची प्रसूति झाली आणि तीन दिवसांनीं संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिला ताप चढूं लागला व पोट दुखूं लागलें. पुन्हां पोट उघडून पाहतां आंत एक टॉवेल राहून गेलेला आढळला. २४ जुलै १९६३ रोजीं ती वारली. पति व मुलें यांनीं सरकारवर दावा लावला. खालच्या कोर्टानें ३६,००० रुपये देवविले. हायकोर्टानें तो निकाल फिरविला. शेवटीं सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं "अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य" या निकालानें कुटुंबाचें म्हणणें मान्य केलें. टॉवेल नेमका कोणाच्या हातून राहिला हें सिद्ध करण्याचें ओझें त्या कुटुंबावर नाहीं. वस्तुस्थितीच स्वतः बोलते, आणि नोकरांच्या हयगयीबद्दल सरकार जबाबदार आहे, असें ठरलें. तत्त्व मोलाचें खरें, परंतु त्यासाठीं तेहतीस वर्षें लागलीं. आईवेगळीं झालेलीं मुलें तोंवर स्वतः संसारीं झालीं असतील.

हा विलंब व हा खर्च सामान्य माणसाला झेपत नाहीं, हें ओळखूनच १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा करण्यांत आला. डॉक्टर आणि रुग्ण यांचें नातें दुकानदार व गिऱ्हाईक यांच्यासारखें आहे काय, असा वाद त्यावर पुष्कळ माजला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचा निर्णय दिला. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा या कायद्याखालीं येते. जेथें कांहीं रुग्णांकडून पैसे घेतात व कांहींना फुकट उपचार देतात, तेथील फुकट उपचार घेणारा रुग्णही तक्रार करूं शकतो. जेथें सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतो, तेथील सेवा मात्र या कायद्याबाहेर राहते. केवळ नांव नोंदण्याची किरकोळ फी घेतल्यानें त्यांत फरक पडत नाहीं. अशा ठिकाणीं हयगय झाली तर दिवाणी कोर्टाचा मार्ग खुला आहे. मात्र सरकारवर दावा लावण्यापूर्वीं सामान्यतः दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पुढें २०१९ चा नवा ग्राहक कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्यांत वैद्यकीय सेवेचा स्पष्ट उल्लेख नाहीं, म्हणून डॉक्टर त्यांतून सुटले, असा आक्षेप निघाला. तो मुंबई हायकोर्टानें २०२१ मध्यें व सर्वोच्च न्यायालयानें २०२२ मध्यें अमान्य केला.

नव्या कायद्यानें परभणीसारख्या जिल्ह्यांतील लोकांची एक मोठी सोय केली आहे. पूर्वीं जेथें शस्त्रक्रिया झाली किंवा जेथें प्रतिपक्ष राहतो, तेथें जाऊन तक्रार लावावी लागे. आतां तक्रारदार जेथें राहतो किंवा कामधंदा करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही ती लावतां येते. समजा, सेलूच्या एका विधवा बाईनें पुण्यास जाऊन गुडघा बदलून घेतला. जखम चिघळली, वारंवार कळवूनही कोणी लक्ष दिलें नाहीं, सांधा पुन्हां काढावा लागला व बाई कायमची कुबडीवर आली. तिला तारखेस पुण्याला धांवण्याचें कारण नाहीं. परभणीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तिची दाद लागूं शकते. सेवेसाठीं दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे, त्यापुढें २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे व त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोगाकडे जातें. येथें मागितलेली भरपाई पाहावयाची नाहीं, इस्पितळाला दिलेली रक्कम पाहावयाची, हें ध्यानांत ठेवावें. ती रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास कांहींच फी पडत नाहीं. वकील देणें सक्तीचें नाहीं. शिवाय १९८७ च्या विधिसेवा कायद्याप्रमाणें स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींचे लोक व अपंग यांना जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मागतां येतो.

पण हें सर्व ज्याच्यावर उभें राहतें, तो आधार म्हणजे कागद. शस्त्रक्रियेपूर्वींचे व नंतरचे क्ष-किरण फोटो, रक्ताच्या तपासण्या, संमतिपत्र, शस्त्रक्रियेची टिपणी, परिचारिकांनीं रोज लिहिलेले तापाचे व औषधांचे तक्ते, घरीं सोडतांना दिलेला गोषवारा, सर्व पावत्या व बिलें, हीं जपून ठेवलीं पाहिजेत. कृत्रिम सांध्याच्या वेष्टनावर कंपनीचें नांव व क्रमांक असलेली चिठ्ठी असते. ती नोंदींत लावलेली आहे कीं नाहीं, तें पाहावें. या सांध्यांच्या किंमतींवर केंद्र सरकारच्या औषधमूल्य प्राधिकरणानें १६ ऑगस्ट २०१७ रोजीं मर्यादा घातली. त्या वेळीं सर्वांत प्रचलित धातूच्या सांध्याची कमाल किंमत करांखेरीज ५४,७२० रुपये ठरली होती. म्हणून सांध्याची रक्कम बिलांत वेगळी दाखविलेली असणें अगत्याचें आहे. इस्पितळ कागद देत नसेल तर लेखी अर्ज करून त्याची पोंच घ्यावी. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणें आंतरुग्णाच्या नोंदी तीन वर्षें जतन केल्या पाहिजेत, आणि मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आंत त्या रुग्णाला दिल्या पाहिजेत. तोंडी मागितलेल्या कागदाचा पुरावा राहत नाहीं. लेखी मागणीचा राहतो.

कागदानंतर मुदत. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत ग्राहक आयोगाकडे गेलें पाहिजे. उशीर माफ होऊं शकतो, परंतु त्याला सबळ कारण दाखवावें लागतें. याविषयींचें एक प्रकरण ऐकण्यासारखें आहे. १९९३ सालीं मुंबईच्या एका शस्त्रवैद्यानें एका परिचारिकेची पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. त्यानंतर तिच्या पोटांत वर्षानुवर्षें दुखत राहिलें. २००२ सालीं दुसरी शस्त्रक्रिया झाली, तेव्हां पोटांत पट्टीचें कापड सांपडलें. त्यानंतर दोन वर्षांच्या आंत तिनें तक्रार केली. तरीही २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती मुदतबाह्य ठरविली. इतकीं वर्षें वेदना असतांना, आणि स्वतः परिचारिका असतांना, तिनें आधींच तपास करावयास हवा होता, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. हा निकाल कठोर वाटेल. पण त्यांतून घ्यावयाचा बोध उघड आहे. दुखणें जात नसेल तर "बरें होईल, होईल" असें म्हणत स्वस्थ बसूं नये. दुसऱ्या जाणत्या डॉक्टरला दाखवून त्याचें मत लेखी घ्यावें.

तें मत पुराव्याच्या कामींही येतें. सांधा वांकडा बसला आहे काय, संसर्ग वेळेवर ओळखतां आला असता काय, हे प्रश्न न्यायासनावरील मंडळी स्वतःच्या बुद्धीनें सोडवूं शकत नाहींत. म्हणून अस्थितज्ज्ञाचें शपथपत्र जोडणें हिताचें असतें. आयोगही एखाद्या वैद्यकीय मंडळाचें मत मागवूं शकतो. चुकीचा पाय कापला, किंवा आंत वस्तु राहिली, अशा उघड प्रकरणांत तज्ज्ञ पाहिजेच असें नाहीं. प्रत्येक प्रकरणांत तज्ज्ञाचा आग्रह धरूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालींच दुसऱ्या एका निकालांत सांगितलें आहे. तक्रारीची नोटीस पोंचल्यावर प्रतिपक्षानें ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत, आपली कैफियत दिली पाहिजे. पुरावा बहुधा शपथपत्रांवरच चालतो. निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करतां येतें, आणि ज्याला पैसे देण्याचा हुकूम झाला आहे त्याला अपिलापूर्वीं निम्मी रक्कम भरावी लागते.

भरपाई किती मागावी? मनांत येईल तो आंकडा लिहिल्यानें तक्रार बळकट होत नाहीं, उलट तिचें वजन कमी होतें. झालेला खर्च, पुन्हां करावी लागलेली शस्त्रक्रिया, पुढें लागणारे उपचार, बुडालेलें उत्पन्न, शुश्रूषेला ठेवलेल्या माणसाचा पगार, आणि सोसलेल्या यातना, असे भाग पाडून प्रत्येकाचा हिशेब द्यावा. शेतांत खुरपणी करून, दुभतें सांभाळून घर चालविणाऱ्या स्त्रीला पगाराचा दाखला नसतो. परंतु तिच्या श्रमालाही किंमत आहे, आणि ती मागितली पाहिजे.

आणखी दोन दारें आहेत, त्यांचा हेतु वेगळा आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केल्यास ती डॉक्टरला ताकीद देऊं शकते किंवा त्याचें नांव नोंदवहींतून कमी करूं शकते; पैसे देववूं शकत नाहीं. फौजदारी मार्ग याहून अरुंद आहे. साधी चूक हा गुन्हा नव्हे. फौजदारीसाठीं हयगय अत्यंत ढोबळ स्वरूपाची असली पाहिजे, आणि दुसऱ्या डॉक्टरचें निःपक्षपाती मत घेतल्यावांचून पोलिसांनीं पुढें जाऊं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं ठरविलें. रागाच्या भरांत इस्पितळाच्या कांचा फोडल्यानें मात्र काय साधतें? फिर्यादी होऊं शकणारा मनुष्य आरोपी होतो, आणि डॉक्टरची चूक मागें पडून त्याचीच चूक पुढें येते. शिवाय अशा दहशतीनें अवघड रुग्ण हातीं घेण्यास चांगले डॉक्टरही कचरूं लागतात, आणि त्याची किंमत गांवांतील पुढचा गरीब रुग्ण भरतो.

यांतील कित्येक कज्जे शस्त्रक्रियेपूर्वींच टळूं शकतात. संमतिपत्र म्हणजे नुसती सही नव्हे. रोग काय आहे, उपाय काय आहे, त्याऐवजीं दुसरा मार्ग कोणता, धोके कोणते, आणि कांहींच केलें नाहीं तर काय होईल, हें रुग्णाला कळेल अशा भाषेंत सांगून घेतलेली संमतिच खरी, असें २००८ च्या एका निकालानें स्पष्ट झालें आहे. आईला इंग्रजी छापील कागदावर अंगठा उमटवावयास लावण्यापूर्वीं मुलानें तो मराठींत समजून घ्यावा, आईलाही समजावून द्यावा, आणि शंका निःसंकोचपणें विचाराव्या. जो डॉक्टर शांतपणें उत्तर देतो, त्याच्यावर विश्वास टाकण्यास हरकत नाहीं. जो प्रश्नच ऐकून घेत नाहीं, त्याच्याकडून उठून दुसरीकडे जाण्यास रुग्ण मोकळा आहे.

वैद्यावर श्रद्धा असावी, ही आपल्या समाजाची जुनी शिकवण आहे आणि ती चांगली आहे. पण श्रद्धा म्हणजे डोळे मिटणें नव्हे. प्रामाणिक डॉक्टरला या कायद्याची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. नीट लिहिलेल्या नोंदी जशा रुग्णाच्या उपयोगीं पडतात तशाच त्याच्याही पडतात. आणि ज्याचा पाय दुसऱ्याच्या हयगयीनें गेला, त्यानेंही आपण कोणाशीं वैर मांडीत आहों अशी खंत बाळगूं नये. तो आपल्या हक्काचें मागत असतो, आणि त्याच्या मागून शस्त्रक्रियेच्या मेजावर जाणाऱ्या माणसाची वाट थोडी सुरक्षित करीत असतो.